विषकंठाची झोप

विडीच्या वखारीत हसणं तसं कमीच. तंबाखूची धूळ नाकातोंडात बसलेली, त्यात तोंड उघडलं की आधी ठसका यायचा आणि मग हसू. तरीही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या त्या वर्षांत निपाणीतल्या एका वखारीत बाया रोज पोट धरून हसायच्या, आणि हसायच्या त्या तीन महादुष्ट माणसांना.

‘उलट्या काळजाची मंडळी’ असं त्या चित्रकथेचं नाव. बेळगावच्या एका साप्ताहिकात मागच्या पानावर ती यायची. चौकोनाला चौकोन चिकटवून काढलेली चित्रं आणि प्रत्येकाखाली दोन ओळी मजकूर. खंजीरराव होता, त्याची मिशी खंजिरापेक्षा मोठी. कुणाचाही कोथळा काढायला तो एका पायावर तयार, पण खंजीर म्यानात गंजून बसलेला. उपसायला जावं तर म्यानासकट कमरेचा पट्टा हातात यायचा आणि धोतर सावरत पळ काढावा लागायचा. काडीमावशी होती, अख्ख्या गावाला आग लावायचा निर्धार केलेली, पण तिची काडेपेटी कायम दमट. आणि विषकंठ वैद्य. तो खलात विष घोटायचा, पेल्यात ओतायचा आणि कुठला पेला कुणाचा हे विसरून स्वतःच प्यायचा. मरायचा मात्र नाही. पुढच्या चौकोनात टमरेल घेऊन परसाकडे धावताना दिसायचा.

त्या कथेत नायक नव्हता. शिपाई नव्हता, राजपुत्र नव्हता, धडा शिकवणारा साधूसुद्धा नव्हता. दुष्टांची खोड दुष्टांच्याच हातून मोडायची, दर आठवड्याला, न चुकता. बायांना त्याचंच सुख होतं, कारण बाहेरच्या जगात असं होताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. विडीचा दोरा तुटला की कुणीतरी म्हणायची, खंजीररावानं उपसला वाटतं. मुकादम आण्णाप्पाची काडी ओढता ओढता विझली की सगळी वखार माना खाली घालून हसायची आणि आण्णाप्पा इकडंतिकडं बघायचा.

वाचायची गुणाबाई. ती खानापूरकडची. बाप शाळेत घंटा वाजवायचा, म्हणून पोरीच्या कानावर अक्षरं पडली आणि डोळ्यांनाही ओळखीची झाली. वखारीतल्या बाकीच्या बायांपैकी कुणालाच वाचता येत नव्हतं. वाचणाऱ्या बाईच्या सुपात प्रत्येकीनं आपल्या वळलेल्या विड्यांतल्या थोड्या टाकायच्या, हा तिथला रिवाज पूर्वी एक म्हातारी पोथी वाचायची तेव्हापासूनचा. कान गुंतले की बायांचे हात झपझप चालतात हे आण्णाप्पालाही ठाऊक होतं, म्हणून त्यानं कधी हरकत घेतली नाही. दाराशी पाठ करून उभा राहायचा, ऐकत नसल्यासारखा.

म्हणून दिवसभरात गुणाबाईचे हात बराच वेळ मोकळे असायचे आणि स्वच्छ असायचे. हे दुसरं तिला पहिल्यापेक्षा मोलाचं होतं. मांडीवर तानी असायची, तिची मुलगी, दात येऊ लागलेली, हाताला लागेल ते तोंडात घालणारी. एका हातात कागद, दुसऱ्या हाताखाली तानीची मान, आणि पदराआड तानी चुटूचुटू पीत राहायची. वाचता वाचता गुणाबाई अडखळली की बाया समजायच्या, पोरगी चावली.

बाकीची पोरं भिंतीकडेला निजलेली असायची, पोत्यावर, रांगेनं. ती रडायची नाहीत, कारण सकाळीच त्यांच्या तोंडात बाळगोळी गेलेली असायची. अफूची गोळी, मोहरीएवढी. वखारीत निजलेलं पोर चालायचं. रडणारं पोर आईसकट बाहेर.

गुणाबाईचा पहिला मुलगा घरी आजीजवळ असायचा. सासू त्याला रोज सकाळी गोळी द्यायची आणि आपल्या कामाला लागायची. मुलगा गुणी आहे, आईच्या मागं लागत नाही, असं शेजारीपाजारी म्हणायचे. एका संध्याकाळी गुणाबाई घरी आली, ऊर दुधानं ठणकत होता, आणि त्यानं तोंड उघडलं नाही. थंडीनं गेला, असं सगळ्यांनी ठरवलं. नवरा, रवळू, त्यानंतर तानी पोटात असताना बेळगावच्या पलटणीत भरती झाला आणि लांब मिसर देशात गेला. त्याची खुशाली येणं कधीच थांबलं होतं. तानी झाली तेव्हा गुणाबाईनं मनाशी एकच गाठ मारली, की हिच्या जिभेवर ती गोळी पडू द्यायची नाही. सासूजवळ ठेवायची नाही. सोबत न्यायची, जागी ठेवायची आणि रडू द्यायची नाही. हे सगळं जमत होतं ते त्या तीन दुष्टांच्या जिवावर.

साप्ताहिक ती राजमतीआक्कांकडून आणायची. राजमतीआक्का तंबाखूचे व्यापारी पार्श्वनाथआण्णांच्या पत्नी. घरातल्यांचं वाचून झालं की अंक त्या गुणाबाईला द्यायच्या. एक अंक आठवडाभर पुरवायचा म्हणजे त्यालाही हातोटी लागते. गुणाबाई एका चौकोनावर अख्खी सकाळ काढायची. आधी चित्र सांगायची, मग कागद हातोहात फिरायचा आणि तंबाखूच्या बोटांनी पिवळा होऊन परत यायचा. मग खालची ओळ ती अर्ध्यावर तोडायची. उरलेली दुपारी.

शेवटच्या अंकात विषकंठानं एका लग्नघरी पाण्याच्या रांजणात विष कालवलं होतं. बाहेर ऊन रणरणत होतं. वऱ्हाड काही येईना, आणि विषकंठाच्याच घशाला कोरड पडली. शेवटच्या चौकोनात त्याचा हात रांजणावरच्या तांब्याकडं गेलेला होता. तिथं गोष्ट थांबली होती, आणि तेव्हापासून वखारीत दुसरा विषय नव्हता.

नवा अंक आणायला गेली तेव्हा राजमतीआक्का सोप्यातच बसल्या होत्या.

“संपलं बघ गुणा तुझं ते,” त्या म्हणाल्या. “छापखान्यास्नी कागद मिळंना झालाय. चित्रं बंद.”

गुणाबाईनं अंक उलटा केला. अंकही आता एकाच पानाचा उरला होता. जिथं चौकोन असायचे तिथं जोंधळ्याच्या वाटपाची सरकारी सूचना होती, बारीक अक्षरांत, आणि खाली एका ओळीत लिहिलं होतं की सदर बंद केल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

परत कधी सुरू होणार, असं तिनं विचारलं.

“लढाई संपल्यावर म्हणत्यात. लढाई कधी संपायची ते तुझ्या नवऱ्यालाच विचार की,” राजमतीआक्का हसून बोलून गेल्या, आणि मग गुणाबाईचा चेहरा बघून उठल्या. आतून गुळाचा खडा आणून तानीच्या मुठीत ठेवला. अंकही नेऊ दिला, चूल पेटवायला का होईना.

रस्त्यानं कोल्हापूरची मोटार, पेट्रोलाअभावी कोळशावर चालवलेली, धूर सोडत, धापा टाकत चालली होती. गुणाबाई कडेला थांबली. तानी गूळ चोखत होती, लाळ आईच्या खांद्यावर ओघळत होती. तिला तो ओलावा चोळीतून कळत होता. वखारीच्या दारापाशी पोचेपर्यंत काय करायचं ते तिचं ठरलं नव्हतं. आत गेली तेव्हा सगळ्या माना वर झाल्या.

“प्याला का न्हाय गं त्यो मुडदा?” अंबुबाईनं विचारलं. अंबुबाई वखारीतली जुनी, कात्रीसारख्या जिभेची.

गुणाबाई बसली. तानीला पदराखाली घेतलं, कागद उलगडला, जोंधळ्याच्या सूचनेवर डोळे ठेवले.

“प्याला,” तिनं वाचलं. “तांब्येच्या तांब्ये प्याला. आणि टमरेल घेऊन उभा राहिला. उभाच राहिला. पोटात काही होईना. तेव्हा तो तडक विष विकणाऱ्या दुकानदाराकडं गेला आणि त्याची गचांडी धरली. म्हणाला, लबाडा, लढाईच्या नावाखाली विषातसुद्धा भेसळ करतोस?”

वखार अशी हसली की खोकल्यानं बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराशी पाठमोऱ्या उभ्या आण्णाप्पाचे खांदे हलले. सुपात विड्या पडू लागल्या, रोजच्यापेक्षा जास्तच.

चित्र दाव, म्हणून बायांनी मागितलं, तेव्हा ती म्हणाली की लढाईमुळं चित्रांना कागद पुरत नाही, आता नुसती अक्षरं छापतात. ते सगळ्यांना पटलं. लढाईमुळं काय काय पुरत नव्हतं ते त्या जाणत होत्याच.

त्यानंतर ती रोज रचत गेली. खंजीरराव पलटणीत भरती व्हायला गेला आणि साहेबानं हत्यार दाखव म्हणताच भर मैदानात त्याचं धोतर सुटलं. काडीमावशी गाव पेटवायला रॉकेल हवं म्हणून रांगेत उभी राहिली. नंबर येईपर्यंत रॉकेल संपलं, पण मागच्यापुढच्या बायांशी तिची अशी गट्टी जमली की आग लावायचं ती विसरूनच गेली. चित्रं गेल्यापासून कागदवाल्याला जास्त अक्कल आली, असं अंबुबाई म्हणाली. गुणाबाई चूल फुंकताना रचायची, नदीवर धुणं धुताना रचायची, तानीच्या अंगाला तेल लावताना तिलाच आधी सांगून बघायची. तानी हसली की ते ठेवायचं. आपल्याला असं काही येतं हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

तिच्या शेजारी बाळाबाई बसायची. तिच्याच वयाची, हात चपळ, बोलणं कमी. तिची चिंगी भिंतीकडच्या रांगेत पहिली. चिंगीला पूर्वी एक गोळी पुरायची. आता दुपारी तिची चुळबुळ सुरू झाली की बाळाबाई उठून आणखी एक द्यायची. गुणाबाईला मांडी घातल्या जागेवरून ते पोर समोरच दिसायचं. ओठ सुकलेले, डोळे अर्धे उघडे, आत पांढरं. मान ठेवू तशी राहायची. एके दिवशी चिंगीच्या खालच्या ओठावर माशी बसली होती. बसली ती बसलीच. पोरीनं तोंड हलवलं नाही.

मुलाच्या शेवटच्या दिवसांत गुणाबाईनं हेच पाहिलं होतं, आणि त्याला गुणी म्हटलं होतं.

जेवणाच्या वेळी तिनं बाळाबाईला बाजूला घेतलं आणि गोळी कमी कर म्हणून सांगितलं. सरळ सांगितलं, आपल्या मुलाचं नाव न घेता.

“तुझं बरं हाय गं,” बाळाबाई भाकरी मोडत म्हणाली. “तुला वाचाय येतंय.”

मग ती अंबुबाईकडं गेली, कारण गोळ्यांची डबी अंबुबाईकडंच असायची. अंबुबाई म्हणाली, माझी सगळी त्याच्यावरच वाढली.

“सगळी?”

अंबुबाईनं विडीला दोऱ्याचा वेढा दिला, दातानं तोडला. “जी वाढली ती.”

दुसऱ्या दिवशी खंजीररावाचं लग्न लावायचं गुणाबाईनं ठरवलं होतं. सगळं जुळवून आणलं होतं, म्यान कसं अंतरपाटात अडकतं तेसुद्धा. कागद उलगडला, वर बघितलं, आणि माशी पुन्हा तिथंच होती.

“विषकंठ कंटाळला,” तिनं वाचायला सुरुवात केली. “म्हणाला, मोठी माणसं फार चलाख. चाखून बघतात, थुंकून टाकतात. आता असं गिऱ्हाईक धरतो की ज्याला थुंकता येत नाही.”

बाया सवयीनं हसल्या. पुढं काय गंमत आहे म्हणून सरसावून बसल्या.

“त्यानं विषाच्या बारीक गोळ्या केल्या. मोहरीएवढ्या. आणि पाटी लावली, की इथं शांत झोप मिळेल. आयांनी रांग लावली. आया दमल्या होत्या. विषकंठाला आता काहीच करावं लागेना. पेला नाही, रांजण नाही. विष आयाच भरवत होत्या. त्याचा पहिल्यांदाच बेत फसला नाही.”

हसणं बंद झालं. कात्र्या बंद झाल्या. गुणाबाईला कळलं, आणि तिनं घाईघाईनं गोष्ट वळवायला घेतली. गोळ्या वळता वळता विषकंठानं आपलीच बोटं चाटली, गल्ल्यावरच घोरायला लागला, गिऱ्हाइकं हाका मारून दमली. ती बोलत होती, पण शब्द वखारीत धुळीसारखे खाली बसत होते.

“दाव त्यो कागद,” अंबुबाई म्हणाली.

कागद घेऊन अंबुबाईनं तो आण्णाप्पाकडं दिला. आण्णाप्पाचं शिक्षण कानडी शाळेतलं, पण मराठी अक्षरं तो बोट ठेवून लावायचा. त्यानं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“ह्यात जोंधळा हाय नुस्ता,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. कागदाची घडी करत त्यानं विचारलं, “मग त्यो खंजीरराव भरतीला गेलता... त्येबी तूच?”

गुणाबाईनं मान हलवली.

बाळाबाईचा चेहरा पांढरा पडला होता. “म्हंजे हे कागदवाला म्हणाला न्हाय. तू म्हणालीस. आमी इख घालतोय व्हय पोरास्नी?”

“मी माझ्या लेकाचं सांगत हुते,” गुणाबाई म्हणाली.

तिच्या मुलाचं त्यांना माहीत होतं. तो थंडीनं गेला हे ठरवणाऱ्यांत त्यातल्या कितीतरी होत्या. एकेकीनं मान खाली घातली, हात पुन्हा चालू झाले. पण त्या दिवशी तिच्या सुपात एकही विडी पडली नाही.

सकाळी आण्णाप्पानं तिच्यापुढं भिजवलेली पानं आणि तंबाखू ठेवला. आपलं काही नाही, तो म्हणाला, पण पोर रडलं तर वखारीचा मालक सावकार आण्णाप्पालाच दार दाखवेल. ते खरंही होतं.

गुणाबाई वळू लागली. तानीला मांडी हवी होती, मांडीवर सूप होतं. तानी सूप ओढायची. पाठीला बांधली तर केस उपटायची. पाजायला घेतली तर तंबाखूच्या बोटांचा कडू वास, पोरगी तोंड फिरवून किंचाळायची. गुणाबाईनं राखेनं हात धुतले, पाजलं, परत आली. पानं वाळून गेली होती, ती पुन्हा भिजवली. तानी पुन्हा रडली. आण्णाप्पा एकदा खाकरला. मग तो दारातून बाजूला सरला आणि दार मोकळं ठेवून तिच्याकडं बघत राहिला.

जमिनीवरून काहीतरी सरकत आलं. अंबुबाईची डबी. अंबुबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यात खुन्नस नव्हती, पाण्याचा तांब्या सरकवावा तशी तिनं ती सरकवली होती.

गुणाबाईनं डबी उघडली. विडीचं तोंड मुडपायला वाढवलेलं नख तिनं गोळीत रोवलं, गोळी फोडली, अर्ध्याची पाव केली, त्याचाही कण काढला. दिसेल न दिसेल एवढा. तानीनं तो चोखला आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं. तिला बोट चाटायची सवय होती, गुळाची.

थोड्या वेळानं तिची मूठ सुटली. गुणाबाईनं तिला भिंतीकडं नेऊन निजवलं. रांगेतली पहिली जागा रिकामी होती.

बाळाबाई उशिरा आली. चिंगी तिच्या कडेवर होती आणि रडत होती. जोरात नाही, चिरका, न थांबणारा आवाज, बऱ्याच दिवसांनी वापरलेला असावा तसा. सगळ्या वखारीनं ते पोर पहिल्यांदा रडताना ऐकलं. आण्णाप्पानं दाराकडं हात केला, आणि बाळाबाईनं मान डोलावली. तिला ते ठाऊकच होतं. ती आपली कात्री न्यायला आली होती.

कात्री कमरेला खोचून ती गुणाबाईपाशी थांबली. “काल दिली न्हाय म्या तिला,” ती म्हणाली. “रात सारी बोंबलतीया. भांगलाय, तण काढाय जाते आता. रानात रडली तर कोण हाकलतंय. तुझ्यामुळं माझं काम...”

एवढं बोलून तिनं भिंतीकडं बघितलं. चिंगीच्या पोत्यावर तानी निजली होती. मग तिची नजर गुणाबाईच्या हातांवर आली, पिवळ्या झालेल्या. उरलेलं वाक्य ती बोलली नाही. चिंगीला खांद्यावर घेऊन ती बाहेर पडली आणि तो चिरका आवाज रस्त्यानं लांब जात जात मोटारीच्या आवाजात गेला.

दुपार वर आली. कात्र्यांचा आवाज तेवढा होता. आण्णाप्पा दाराशी पाठमोरा उभा होता. गुणाबाईनं आपली जागा भिंतीजवळ सरकवून घेतली होती. एक पाय मांडीखाली, दुसरा लांब केलेला. त्या पायाचा अंगठा तानीच्या पोटावर टेकलेला.

अंबुबाईनं हात लांब करून तिच्या सुपात दोन विड्या टाकल्या.

“उठला का मग त्यो इखकंठ?”

गुणाबाईनं मान वर केली नाही. हातात कागद नव्हता, पान होतं.

“न्हाय अजून,” ती म्हणाली. “गल्ल्यावरच पडलाय. खंजीरराव आला, त्यानं हलवून बघितलं.”

कुणी हसलं नाही, पण हातांचा वेग बदलला. कान लागले होते. पलीकडून आणखी दोन विड्या येऊन पडल्या.

अंगठ्याखाली पोट वर आलं, खाली गेलं. तेवढं झालं की गुणाबाई पुढचं वाक्य बोलायची.

“काडीमावशी आली. तिनं त्याच्या नाकाशी काडी धरली, धूर हलतो का बघायला. काडी पेटंना.”

पोट वर आलं, खाली गेलं.

“मग खंजीररावानं त्याच्या छातीला कान लावला.”

बाया थांबल्या. पुढचं वाक्य यायला या वेळी उशीर लागत होता. गुणाबाईच्या हातातलं पान अर्धं वळून राहिलं होतं, आणि ती अंगठ्याकडं बघत होती.